मंडळी अजून तयार नाही

१९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं एक इंग्रजी पुस्तक काढलं, 'द लेटर्स अँड करस्पॉन्डन्स ऑफ पंडिता रमाबाई'. संपादक अ. भि. शहा. रमाबाई म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला परिच्छेद आठवतो : शारदा सदन, मुक्ती मिशन, केडगाव, विधवांचा कैवार. दोन मार्कांचा प्रश्न. त्या परिच्छेदातल्या बाई शांत आणि वयस्क आहेत. पत्रांतल्या बाई पंचविशीच्या आहेत. नवरा वर्ष-दीड वर्षापूर्वी गेलाय, कडेवर लहान मुलगी आहे, परक्या देशात परक्यांच्या आसऱ्यानं राहतायत, आणि तरी समोरून आलेल्या प्रत्येक वाक्याला 'का?' विचारतायत. मी हे पुस्तक पीडीएफमध्ये, फोनवर, बहुतेक ऑफिसच्या बसमध्ये वाचलं. खराडी येईपर्यंत एखाद-दुसरं पत्र व्हायचं, आणि दिवसभर मीटिंगमध्ये डोक्यात तेच चालू राहायचं.

या पुस्तकाकडे लोक धर्मांतराचा दस्तऐवज म्हणून बघतात. रमाबाई ख्रिस्ती का झाल्या, मनापासून झाल्या की परिस्थितीनं, हेच त्यात शोधतात. मला त्यात दुसरंच काही दिसलं. चर्चमध्ये बाईला 'नाही' कसं म्हणतात, ते या पत्रांत फार स्पष्ट दिसतं. का म्हणतात हा वेगळा प्रश्न. मी बोलतेय पद्धतीबद्दल. आणि माझं म्हणणं असं की एकशेचाळीस वर्षांत ती पद्धत फारशी बदललेली नाही. मी ख्रिस्ती आहे, मूळ नगर जिल्ह्यातली, दर रविवारी उपासनेला जाते. तेव्हा हे घरातलंच बोलणं समजा.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या, वॉन्टेज या गावातल्या अँग्लिकन सिस्टरांच्या मठात राहिल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यांची धर्ममाता म्हणजे सिस्टर जेराल्डीन. रमाबाई पत्रात त्यांना 'आजीबाई' म्हणतात, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेला तो शब्द पानापानावर बघताना मजा वाटते. पुढच्या वर्षी रमाबाई चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं असं ठरलं. कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील मोकळ्या विचारांच्या होत्या. या बाईंची विद्वत्ता पाहता त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवायला काय हरकत आहे, असा विचार तिथे निघाला.

हरकत निघाली. सिस्टर जेराल्डीन अस्वस्थ झाल्या, विषय बिशपांपर्यंत गेला. लाहोरचे बिशप फ्रेंच आणि मुंबईचे बिशप माइल्न, दोघांनी विरोध केला. या विरोधातलं तर्कशास्त्र बघण्यासारखं आहे. बाईची लायकी नाही असं कोणी म्हणत नाही. आमच्या धर्मात बसत नाही यावरही फारसा भर नाही. भर कशावर, तर हिंदुस्थानातल्या लोकांना काय वाटेल यावर. तिकडच्या चालीरीती वेगळ्या, बाईनं पुरुषांना शिकवलं असं तिकडे कळलं तर हिची पत जाईल, पुढे मायदेशी काम करायचंय त्यावर परिणाम होईल. थोडक्यात, आमचं काही नाही हो, तुमचेच लोक तयार नाहीत. आणि आम्ही हे सांगतोय ते तुमच्या भल्यासाठी.

आता हे कोणाला सांगतायत? ज्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोला संस्कृत शिकवतात म्हणून समाजाचा रोष पत्करून रानात जाऊन राहिले. ज्यांची आई स्वतः पुरुष विद्यार्थ्यांना पाठ सांगायची. ज्यांनी स्वतः देशभर पायी हिंडून पुरुषांनी भरलेल्या सभांत पुराणं सांगितली. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ज्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ज्यांनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी हंटर कमिशनसमोर साक्ष दिली. अशा बाईला इंग्लंडमध्ये बसलेले लोक सांगतायत की हिंदुस्थानात बाईनं पुरुषांना शिकवलेलं खपत नाही. रमाबाईंचं उत्तर साधं होतं : माझ्या आईनं किंवा मी तरुण पुरुषांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्यानं घेतली नाही, आणि तुम्ही घेताय याचं मला आश्चर्य वाटतं.

मला ही पुस्तकातली सगळ्यात महत्त्वाची जागा वाटते. त्यावर लिहिणारे बहुतेक जण साम्राज्य, वंश, मिशनरी या दिशेनं जातात, आणि तेही खरंच आहे. पण या वादातली युक्ती कुठल्या एका वंशाची मालमत्ता नाही. 'संस्कृती' हा शब्द इथे ढालीसारखा वापरलाय, आणि ढाल धरणाऱ्याला त्या संस्कृतीशी फार देणंघेणं नाही. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत वचन असावं असं रमाबाई म्हणतात, लॅटिन मला येत नाही, ती माझी भाषा नाही, आणि तिच्यात संस्कृतपेक्षा असं काय जास्त आहे, असं विचारतात, तेव्हा हीच संस्कृती हट्ट ठरते. अंडं घातलेलं पुडिंग खायला नकार देतात, तेव्हा ती जुनी खोड ठरते. भारतीयपण मुलीला गप्प करायला उपयोगी पडलं की आदरणीय, आणि मुलीनं ते स्वतःहून पुढे केलं की अहंकार.

जेराल्डीनबाईंना खलनायिका करायचा मोह होतो. तो मी टाळते, कारण त्या खऱ्या आहेत. त्यांचं या मुलीवर प्रेम आहे, तिच्या लेकीवर तर फारच. त्या स्वतः एका कडक रचनेत जगतात, तिथे आज्ञापालन हा सगळ्यात मोठा गुण आहे, आणि त्यांना प्रामाणिकपणे वाटतं की आपण झेललं ते हिनंही झेलावं. आमच्या भगिनी मंडळात अशा चार मावश्या आहेत. उपासनेत डोक्यावरची ओढणी घसरली की मागून खांद्यावर टिचकी मारणाऱ्या, आणि आई आयसीयूत असताना आठ दिवस डबा आणणाऱ्याही त्याच. चर्चमधली असमानता फक्त पुरुष चालवतात असं समजणाऱ्यानं रमाबाईंची पत्रं जरूर वाचावीत. बिशप दोन-चार पत्रांत येतात. रोजचा पहारा आजीबाई करतात.

आणि गंमत अशी की हे पुस्तक आपल्या हातात आलं ते त्यांच्यामुळेच. ही सगळी पत्रं जेराल्डीनबाईंनी जपली, जुळवली, मध्ये स्वतःची टिपणंही घातली. त्यांच्या मते त्या एका हुशार पण गर्विष्ठ शिष्येची हकीकत जतन करत होत्या. वाचणारा मात्र प्रत्येक वेळी शिष्येच्या बाजूला जाऊन बसतो. एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून उतरवल्यावर दुसऱ्याचं घ्यायची माझी इच्छा नाही, अशा अर्थाचं रमाबाई लिहितात, आणि ते पत्र ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांनीच ते नीट घडी घालून ठेवलंय. एवढ्या प्रामाणिकपणाबद्दल जेराल्डीनबाईंना मार्क द्यायलाच हवेत. आजच्या किती कमिट्या स्वतःविरुद्धचं पत्र फाइलला लावतील?

त्याच सुमारास इकडे काय चाललं होतं? महाराष्ट्रात रमाबाईंनी धर्म बुडवला म्हणून गदारोळ होता, आणि १८८५ मध्ये जोतीराव फुले 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेत होते. म्हणजे इथे लोक ज्या बाईला 'चर्चच्या ताब्यात गेली' म्हणत होते, ती तिथे चर्चशीच भांडत होती. दोन्हीकडच्यांना ते कळलं नाही. अजूनही पुष्कळांना कळलेलं नाही. रमाबाईंवर समाजमाध्यमांत वाद झाला की तो 'धर्म बदलला' इथे सुरू होतो आणि तिथेच संपतो. धर्म बदलल्यावर बाईचं काय झालं, हा प्रश्न कोणालाच सोयीचा नसतो. तिच्या जुन्या घराला नाही, नव्यालाही नाही.

भांडण संपल्यावर रमाबाईंनी जे केलं ते मला, कोड लिहिणारी म्हणून, जास्त भावतं. दुसऱ्यानं लिहिलेल्या डॉक्युमेंटेशनवर वाद घालण्यापेक्षा त्या थेट सोर्सकडे गेल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला अख्खं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणायला बसल्या. मुक्ती मिशनचा स्वतःचा छापखाना होता, तिथल्या बायका-मुली खिळे जुळवायच्या, छपाई करायच्या. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. एकट्या बाईनं सगळं बायबल भाषांतरित करण्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण नाही, अमेरिकेत ज्युलिया स्मिथचं १८७६ मध्येच छापून आलं होतं. पण भाषांतर बाईचं, खिळे जुळवणाऱ्या बायका आणि डोळ्यांसमोरच्या वाचकही साध्या मराठी बायका, हे सगळं एका आवारात होणं ही मोठीच गोष्ट होती.

त्या भाषांतराबद्दल मात्र खरं बोलायला हवं. त्याची स्तुती सगळे करतात आणि वाचत कोणी नाही. मी वाचायचा प्रयत्न केला. शब्दाला शब्द ठेवण्याचा आग्रह इतका आहे की वाक्यं अडखळतात. त्यांना सोपी, बायकांना कळेल अशी मराठी हवी होती, संस्कृतचा आणि वेदांताचा वास असलेले शब्द टाळायचे होते; पण मुळाशी इमान आणि वाचणारीची सोय यांत त्यांनी बहुतेक वेळा इमान निवडलं. मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटीचंच भाषांतर राहिलं. आणि आणखी एक : त्यांच्याकडून 'स्त्रीवादी बायबल'ची अपेक्षा केली तर निराशा होईल. बायकांबद्दलच्या वचनांचा उलटतपास घेणारं 'द वुमन्स बायबल' एलिझाबेथ केडी स्टँटननं अमेरिकेत १८९५ मध्ये काढलं. रमाबाईंचा तो रस्ता नव्हता. मजकूर काय म्हणतो ते मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण हे 'एवढंच' कमी नाही.

कारण मजकूर बघितला की कळतं की मध्ये हात कोणी मारलाय. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल ओळखीच्या लोकांना सलाम सांगतो. त्यात फीबी आहे, मंडळीत सेवा करणारी. तिच्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द तोच, ज्यावरून आपला 'डीकन' आला. आणि त्यात युनिया आहे, जिची गणना पौल प्रेषितांमध्ये नावाजलेल्यांत करतो. जुन्या काळातल्या भाष्यकारांना ती बाई आहे यात शंका नव्हती. पुढे कधीतरी प्रेषित बाई कशी असेल असं वाटून तिचा पुरुष झाला, आणि विसाव्या शतकातल्या कितीतरी इंग्रजी भाषांतरांत ती 'युनियास' म्हणून वावरली. अलीकडच्या भाषांतरांत ती पुन्हा बाई झाली. आमच्या धंद्यात एक कमांड असते, फाइलमधली कुठली ओळ कोणी, कधी बदलली ते दाखवणारी. बायबलला ती लावता आली असती तर काही ओळींसमोर फार ओळखीचं कारण दिसलं असतं : वाचणाऱ्यांना पटणार नाही, म्हणून बदललं.

मराठी चर्चचा विषय आहे आणि लक्ष्मीबाई टिळकांचं नाव नाही असं होणार नाही. 'स्मृतिचित्रे' आपण विनोदासाठी वाचतो, वाचावंच. पण त्यात एक गोष्ट हसता हसता निसटते. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायकोला विचारलं नव्हतं. पुढची काही वर्षं लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या, सोवळं सांभाळत राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या हिशेबानं, स्वतःचे प्रश्न सोडवून. नवरा पुढे आणि बायको मागे, असं ते झालं नाही. टिळक गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. सुरुवातीचे थोडे अध्याय टिळकांचे, पुढचा मोठा भाग बाईंचा. पण आमच्याकडे कोणालाही विचारा, ते 'टिळकांचं ख्रिस्तायन' आहे. मला हे वाईट हेतूनं झालेलं वाटत नाही. सवयीनं झालं. काम बाईचं आणि पुस्तक नवऱ्याचं, याच्यात कोणाला काही खटकत नाही, एवढंच.

लक्ष्मीबाई पाळकाच्या बायको होत्या. आमच्या बोलीत पाळकाच्या बायकोला 'पाळकीणबाई' म्हणतात, मास्तरीणबाई, डॉक्टरीणबाईच्या चालीवर. पाळकीणबाई हे एक पूर्ण वेळाचं, बिनपगारी पद आहे. आजाऱ्यांना भेटणं, भगिनींची प्रार्थनासभा, संडेस्कूल, कोणाच्या घरी मयत झालं तर आधी पोचणं, पाहुण्या पाळकाचं जेवण. आता मास्तरीण आणि डॉक्टरीण या शब्दांचं पुढे काय झालं ते बघा. बायका स्वतः शिक्षिका आणि डॉक्टर झाल्या आणि शब्दांना अर्थ बदलावा लागला. पाळकीणबाईचा अर्थ मात्र जागचा हललेला नाही. जिथे बाई दीक्षित पाळक आहे तिथे लोक 'पास्टर मॅडम' म्हणतात, इंग्रजीचा आसरा घेतात, कारण मराठी शब्द तिच्या आधीच्या बाईनं अडवून ठेवलाय. आणि तिच्या नवऱ्याला काय म्हणायचं यावर तर आमच्याकडे फक्त विनोद होतात.

माझ्या चर्चचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, जन्म १९७० चा. त्यात अँग्लिकन आले, आणि नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्याही आल्या. म्हणजे एका बाजूनं लक्ष्मीबाई माझ्या पणजी, आणि दुसऱ्या बाजूनं ते मुंबईचे बिशपसाहेब माझे पणजोबा. वारसा असा मिळतो, निवडता येत नाही. आमच्या घटनेत बाईला पाळक व्हायला बंदी नाही, आणि दीक्षा घेतलेल्या बायका आहेत. शेजारच्या चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये ई. पुष्पा ललिता २०१३ मध्ये नंद्यालच्या बिशप झाल्या. रमाबाईंच्या त्या चर्च ऑफ इंग्लंडनं १९९४ मध्ये पहिल्यांदा बायकांना प्रीस्टची दीक्षा दिली, २०१५ मध्ये लिबी लेन तिथल्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या, आणि २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलली यांचं नाव जाहीर झालं. त्याच चर्चच्या कॅलेंडरमध्ये आज ३० एप्रिल हा दिवस पंडिता मेरी रमाबाईंच्या स्मरणाचा आहे, शास्त्राच्या भाषांतरकार म्हणून. पुरुषांच्या वर्गात उभं राहू दिलं नाही. कॅलेंडरमध्ये जागा दिली.

कॅथलिक चर्चचं वेगळं आहे. तिथे उत्तर स्पष्ट 'नाही' आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये लिहून टाकलं की बायकांना प्रीस्टची दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचन करणं आणि वेदीपाशी सेवा करणं या पदांचे दरवाजे बायकांना अधिकृतपणे उघडले, पण दीक्षेबाबत भिंत तशीच आहे. मला ते 'नाही' मान्य नाही. पण वसईच्या एका कॅथलिक मैत्रिणीशी बोलताना लक्षात आलं की तिला कशाशी भांडायचंय हे तिला माहीत आहे. कागद आहे, त्यावर सही आहे, युक्तिवाद आहे, तो खोडता येतो. माझ्यापाशी तसलं काही नाही. माझ्याकडे घटनेत 'हो' आहे आणि रविवारी 'बघू'.

हे 'बघू' कसं दिसतं ते सांगते. लॉकडाउनपासून आमच्या उपासनेचं लाइव्ह प्रक्षेपण मी बघते. 'तू कॉम्प्युटरवाली', म्हणून. मंडळीचं नाव सांगत नाही, कारण ती वाईट नाही, सरासरी आहे. कॅमेरा एकच, ट्रायपॉडवर, व्यासपीठावर रोखलेला. त्याच्या चौकटीत काय येतं? पाळकसाहेब, शास्त्रपाठ वाचणारे, सूचना देणारे सेक्रेटरी, दानार्पणाच्या थाळ्या आणणारे पंच. चौकटीबाहेर काय राहतं? पहाटे फुलं लावणाऱ्या, प्रभुभोजनाच्या इवल्या पेल्यांत द्राक्षारस ओतून ठेवणाऱ्या आणि नंतर ते धुणाऱ्या, बाजूच्या खोलीत पन्नास पोरांचं संडेस्कूल घेणाऱ्या, आणि बाकांवर बसून 'उपासना संगीत'मधली गाणी खऱ्या अर्थानं उचलून धरणाऱ्या. त्यांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट येतो. चित्रात त्या नसतात. कॅमेरा मीच लावलाय, आणि दुसरीकडे लावून बघितलाही. लगेच मेसेज आला की संदेश चालू असताना व्यासपीठ दिसत नाहीये.

वर्षातून एक रविवार भगिनींचा असतो. त्या दिवशी सगळं बायका करतात, संदेशसुद्धा. गेल्या खेपेला आमच्याच मंडळीतल्या, धर्मशास्त्राची पदवी घेतलेल्या एका ताईंनी रूथवर संदेश दिला. नवऱ्याच्या मरणानंतर परक्या देशात गेलेली रूथ, तिच्यासोबतची म्हातारी सासू, पोटासाठी शेतात वेचलेले सरवे. चाळीस मिनिटं कोणी घड्याळ बघितलं नाही. शेवटी सूचनांच्या वेळी सांगण्यात आलं की भगिनींनी फार छान 'कार्यक्रम' केला. बाकीच्या रविवारी उपासना असते, त्या रविवारी कार्यक्रम.

एक भाषेची गोष्ट मध्येच सांगून टाकते. 'मंडळी' हा शब्द आपल्या चर्चनं छान निवडला. तो स्त्रीलिंगी आहे, ख्रिस्ताची मंडळी, नव्या करारातली वधू. आणि जुन्या मराठीत नवरे बायकोलाही 'आमची मंडळी' म्हणायचे. माझे आजोबा म्हणायचे. म्हणजे 'मंडळी अजून तयार नाही' या वाक्याचा जुना अर्थ एवढाच : बाई अजून साडी नेसतेय, थांबा जरा.

त्या वाक्यावर येते, कारण तेच माझ्या या सगळ्या वाचनाच्या मुळाशी आहे. वार्षिक सभेत आम्ही काही जणींनी एक साधी मागणी ठेवली. वर्षाच्या संदेशांच्या यादीत त्या ताईंचं नाव महिन्यातून एकदा घाला. पाळक बदला म्हणत नव्हतो, पगार मागत नव्हतो. पाळकसाहेब सज्जन माणूस आहे. ते म्हणाले, माझी वैयक्तिक काहीच हरकत नाही, पण मंडळी अजून तयार नाही, विशेषतः गावाकडून आलेली जुनी मंडळी. पंचांपैकी दोघांनी तेच सांगितलं : आमचं काही नाही, पण लोक. चेल्टनमचं पत्रच मराठीत कोणीतरी वाचून दाखवतंय असं मला वाटलं. तिथे लोक म्हणजे हिंदुस्थानातले, इथे लोक म्हणजे गावाकडचे. हरकत घेणारा नेहमी खोलीत नसलेला कोणीतरी.

बिशपांच्या वेळी निदान एक अडचण खरी होती. हिंदुस्थान बोटीनं काही आठवड्यांवर होता, तिथल्या लोकांना लगेच विचारून घेता येत नव्हतं. आमची गावाकडची मंडळी तिसऱ्या बाकावर बसलेली होती. माझी आत्या, वय बहात्तर, राहुरीजवळच्या खेड्यात आयुष्य गेलेली, आयुष्यभर बायबल आणि बचतगट दोन्ही चालवलेली, ती उठली आणि म्हणाली, "पाळकसाहेब, कोण तयार नाही त्यांची नावं सांगा. मी जाऊन भेटते." थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग कोणीतरी हसलं, आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. आत्याचं वाक्य मी जसंच्या तसं घातलंय, नावासकट. ते मंजुरीला ठेवायची बैठक अजून व्हायची आहे.